पत्र पोस्टमनचं नसतं, मावशी!

शेजारच्या मावशींना टीव्हीवरच्या सगळ्या सुनांची नावं तोंडपाठ आहेत. घरातल्या सुनेला मात्र त्या अजून 'आमची ही' म्हणतात. मी हे छापून आणलं तरी मला भीती नाही. मावशी वाचत नाहीत, बघतात.

आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीत या भिंती मुद्दाम बुटक्या बांधल्यात की काय, कोण जाणे. नळाला पाणी येऊन गेलं, भरून झालं, की दुपारी चारच्या सुमाराला मावशी पलीकडून चार शेवग्याच्या शेंगा नाहीतर कढीपत्त्याची डहाळी भिंतीवर ठेवतात. म्हणजे समजायचं, बातमी आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या. मी ओळखलं, आज प्रकरण मोठं आहे.

"अगं, धारूरच्या बहिनीचा पोरगा न्हाई का, मुंबईला असतो त्यो. त्येला केजकडचं स्थळ आलं व्हतं."

"मग?"

"मंग काय! पोरीचा बाप मनला, पोरगा करतो काय? मी मनलं, मालिका लिव्हतो. त्यो मनला, ते ठीक हाय, पर करतो काय?"

मी मान खाली घालून मेथी निवडायला घेतली.

"हसू नको. त्या मान्साला वाटतंय, टीव्हीतली मान्सं आपल्या मनानंच बोलतेत. मी मनलं, आवं दाजी, त्येंला एकेक शब्द लिहून द्यावा लागतो. तर मनतो कसा, मंग रडायचं बी लिहून देतेत का? मी मनलं, रडायचं तर आधी लिहितेत!"

"मग पटलं का त्यांना?"

"कशाचं पटतंय. मंग मी हुकमाचं पान टाकलं. मनलं, आपल्या बीड जिल्ह्याचाच अरविंद जगताप बघा की, लिहून लिहून केवढं नाव झालं! तर त्यो माझ्या तोंडाकडं बघायला. मनला, कोन जगताप? कोनत्या पक्षाचा?"

बीड जिल्ह्यात कुणाचं नाव झालं म्हटलं की माणसं आधी पक्ष विचारतात. त्यात त्या गृहस्थांची चूक नाही.

"मंग मी मनलं, ते 'हवा येऊ द्या'मधलं पोस्टमनचं पत्र ठाऊक हाय का? तर एकदम खुलला. मनला, हां हां, त्यो पोस्टमन! त्यो बीडचा हाय व्हय? माझी बायको लई रडती त्येच्यापायी."

"मावशी, पोस्टमन बीडचा नाही. पोस्टमन व्हायचा तो सागर कारंडे, नट. पत्र लिहायचा तो अरविंद जगताप."

"तेच की गं."

"तेच कसं?"

"आता तू मला शिकिवती का! पोस्टमननं आनलेलं पत्र पोस्टमनचं नसतं, येवढं मला कळतं. माझा नवराच पोस्टात व्हता."

मावशींना कळतं, पण महाराष्ट्राला कळायला बराच वेळ लागला. ऑगस्ट २०१४ मध्ये झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि मार्च २०२४ पर्यंत चाललं. २०२५ मध्ये ते नव्या रूपात परतलंही. जुनं लागायचं सोमवार-मंगळवारी, रात्री साडेनऊला. निलेश साबळे सूत्रं सांभाळायचे. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे थुकरटवाडी नावाच्या गावात धुमाकूळ घालायचे. बाप्ये लुगडी नेसायचे, एकमेकांवर पडायचे, समोर बसलेल्या पाहुण्यांची यथेच्छ टिंगल चालायची. मग या सगळ्या दंग्यात मधेच खाकी कपड्यातला पोस्टमन यायचा आणि एक पत्र वाचायचा. शेतकऱ्याचं, जवानाचं, म्हाताऱ्या आईबापाचं. घरात चिवडा खाणारे हात थांबायचे. आमच्या घरी तर जाहिरात लागेपर्यंत कुणी कुणाकडे बघायचं नाही.

नाव मात्र पोस्टमनचं झालं. ते एका अर्थी बरोबर आहे, सागर कारंडेंनी ती पत्रं वाचली छान. आवाज चढवायचा नाही, हुंदका द्यायचा नाही, हे त्यांनी पाळलं. एरवी आपल्याकडचे नट पत्र हातात आलं की आधी चष्मा पुसतात. पण पत्रात काय आहे हे नट ठरवत नाही. ते आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या एका माणसानं ठरवलं, आणि आठवड्यामागून आठवडे ठरवलं.

तेवढ्यात मावशींचे यजमान, अण्णा, बाहेर आले. अण्णा पोस्टातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सायकल अजून स्टँडवर लावूनच चढतात.

"काय पत्र पत्र चाललंय?"

"तुमच्या खात्याचं बोलायलोत," मावशी म्हणाल्या.

अण्णांचं त्या कार्यक्रमाशी पहिल्यापासून वाकडं. त्यांचं म्हणणं असं की पोस्टमननं दुसऱ्याचं टपाल फोडून चारचौघांत वाचणं हा शुद्ध गुन्हा आहे. १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यात त्याला शिक्षा होती, आम्हाला नोकरीला लागताना बजावून सांगितलं होतं, आणि हा पठ्ठ्या खुशाल सगळ्या महाराष्ट्रापुढं वाचतो!

"पण अण्णा, तुम्ही खेड्यात वाचून दाखवायचातच की."

अण्णा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "ते येगळं. तिथं घरधनीनच मनायची, बाबा तूच फोड आन तूच वाच. डोंगरातली वस्ती. वाचनार कोन? पोरगं मिलिटरीत, म्हातारी घरी. निळं अंतर्देशीय आलं की म्हातारी लांबूनच सायकल बघून उभी ऱ्हायची. मंग वाचायचं. वाचून झालं की मनायची, पुन्यांदा वाच. आन मंग मनायची, आता जबाब लिही."

"म्हंजी तुमी बी लेखकच!" मावशी.

"बिनपगारी. आन एक सांगू का, मी गाळायचो बी. सुनेनं सासूबद्दल वाईट लिहिलं आसलं की तेवढ्या दोन वळी खाऊन टाकायचो. उगं कामून घरात लावालावी."

मावशींनी नवऱ्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं, आता संसारातल्या जुन्या पत्रांची चौकशी लागते. पण अण्णांनी मला एक धागा दिला. पत्र वाचणारा पोस्टमन ही शहरातल्या माणसाला गंमत वाटते. मराठवाड्यात तो खराखुरा होऊन गेला. ज्याच्या जिल्ह्यातली माणसं सतत कुठं तरी बाहेर असतात, त्यालाच पत्राची ताकद कळणार. बीडची लाखो माणसं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, गाडीवर भांडीकुंडी, शेळी, लहान लेकरू. म्हातारी माणसं मागे. पाडव्याच्या आसपास कारखान्यांचे पट्टे पडले की परत. वर्षातले पाच-सहा महिने अर्धं गाव उरलेल्या गावाला भेटत नाही. या माणसांना लिहिता येत असतं तर काय लिहिलं असतं, हा विचार करणारा लेखक याच मातीतून आला, याचं मला नवल वाटत नाही.

तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पोस्टकार्ड पन्नास पैशाला मिळतं, पण घ्यायला कुणी जात नाही. आणि नेमकं त्यानंतर टीव्हीवरच्या पत्रानं माणसं रडायला लागली. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मेल्यावर समद्यांचंच कवतिक व्हतं."

मावशी मात्र भाच्यावरून हलायला तयार नव्हत्या.

"मला येवढंच सांग, पोरीच्या बापाला काय सांगू? मालिका लिव्हनं मंजी काय काम असतं?"

हे मला बरंचसं माहीत आहे, कारण त्यांचा भाचा दिवाळीत आला की याच भिंतीला टेकून रडगाणं गातो. गावात त्याला वाटलं होतं, लेखक म्हणजे एक माणूस, एक खोली, एक खिडकी. तिथं गेल्यावर कळलं की रोजच्या मालिकेला लेखक एक नसतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कथावाला पुढच्या काही महिन्यांचा ट्रॅक सांगतो: कोण कुणाचा सूड घेणार, कुणाचं गुपित कधी फुटणार. पटकथावाला त्याचे सीन पाडतो. मग रात्री उशिरा संवादवाल्याच्या फोनवर ते सीन येऊन पडतात आणि सकाळी घोडबंदरला नाहीतर मढला सेटवर नट मेकअप करून वाट बघत असतात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीस-तेवीस मिनिटं उरतात. ती रोज भरायची. आधीच तयार करून ठेवलेल्या भागांची बँक असली तर जरा श्वास घेता येतो. बँक संपली की आज लिहिलेलं आज चित्रित होतं आणि एक-दोन दिवसांत घराघरात दिसतं.

एकदा त्यानं सांगितलं होतं, "मावशी, तुम्हाला वाटतं ना, त्या सासूचा एकदम ॲक्सिडेंट का झाला? बाईंचा नाटकाचा दौरा लागला. तारखा नव्हत्या. म्हणून कोमात घातलं."

मावशींनी ते ऐकून दोन दिवस टीव्ही लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी लावला. सासू शुद्धीवर आली होती.

गुरुवार हा त्या मंडळींचा निकालाचा दिवस. त्या दिवशी मागच्या आठवड्याचा टीआरपी येतो. आकडा वर गेला की नटांच्या मुलाखती, खाली आला की लेखकाला फोन. चांगली चाललेली गोष्ट मग रात्रीतून वळते. मेलेली नायिका जुळी बहीण होऊन परतते. वाचकहो, आपण घरात बसून 'काय हा मूर्खपणा' म्हणतो. तो मूर्खपणा लिहिणाऱ्यालाही कळत असतो. त्याला सकाळी नऊचा कॉलटाइम दिसत असतो.

आता या कामाला आमच्या अंबाजोगाईत परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. सोळाव्या शतकातले आमचे दासोपंत. गीतार्णव नावाचा ग्रंथ लिहिला, तो सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी कथा गावात सांगतात. कागद पुरेना म्हणून की काय, चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरण लिहून काढलं. ती पासोडी अजून आहे. मी एकदा भाच्याला म्हटलं, दासोपंतांना तुझ्या चॅनलवर पाठवायला हवं होतं, बँक कधी संपली नसती. तो म्हणाला, "ताई, पहिल्याच गुरुवारी काढून टाकलं असतं. सव्वा लाख ओव्या आणि सासूचं कारस्थान एकही नाही."

"ते काय बी आसू दे," मावशी म्हणाल्या. "पर मला एक सांग. आपल्या बोलीची मालिका कामून न्हाई?"

मावशी अधूनमधून असा काही प्रश्न टाकतात की मेथी निवडायचीच राहते. आम्ही दोघींनी भिंतीवर बोटं मोडत मोजदाद केली. 'तुझ्यात जीव रंगला'मुळे कोल्हापूरचं रांगडं बोलणं घरोघरी गेलं. 'रात्रीस खेळ चाले'नं मालवणी नेली. 'लागिरं झालं जी' साताऱ्याची. लिहिणारे तेजपाल वाघ वाईचे, म्हणून ती बोली खोटी वाटली नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरची. आणि मराठवाडा? मावशींना आठवेना, मलाही आठवेना. सिनेमात मकरंद अनासपुरेंनी आपलं बोलणं नेलं. माजलगावच्या संदीप पाठकनं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पुढे चालवलं, जे मुळात लक्ष्मण देशपांडे एकटे बावन्न भूमिका करून रंगवायचे. रंगमंचावर मराठवाड्याचं पात्र आलं की हशा ठरलेला. पण रोज रात्री जेवताना समोर बसून बोलेल, रुसेल, कट करेल, प्रेम करेल अशी बीडची बाई टीव्हीवर कुठं आहे?

भाच्यानं एकदा प्रयत्न केला होता. एका पात्राच्या तोंडी 'काय करायलीस' घातलं. वरून निरोप आला, पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळणार नाही, 'काय करतेस' करा. केलं. मावशींना हा अपमान स्वतःचाच वाटला.

"म्हंजी मला त्येंचं मालवनी कळाया पायजे, आन त्येंला माझं 'करायलीस' कळत न्हाई?"

अण्णांनी आतून पुस्ती जोडली, "ऊसतोडीची मालिका काढा मनावं. पर बघनार कोन? ज्येंची गोष्ट ती समदी फडात. कोपीत टीव्ही कुठून आनायचा?"

हे ऐकून मात्र मी गप्प झाले. टीव्हीचा सगळा हिशेब बघणाऱ्यावर चालतो, आणि आमचा निम्मा जिल्हा ऐन हंगामात बघणाऱ्यांत नसतो. बातम्यांत बीड दिसतं ते दुष्काळासाठी, कोयत्यासाठी, खून-मारामारीसाठी, निवडणुकीसाठी. मालिकेत दिसत नाही. या सगळ्यात अरविंद जगतापांनी जे केलं ते मला म्हणून मोठं वाटतं. मराठवाड्याला मालिका मिळाली नाही. दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमात पाच-सात मिनिटांची जागा मिळाली. तीही विनोदी कार्यक्रमात, नाच आणि टिंगल यांच्या मधल्या फटीत. त्यांनी त्या फटीत आपली माणसं बसवली.

आणि ती युक्ती त्यांनी फार हुशारीनं साधली, हेही सांगायला हवं. पत्राला सेट लागत नाही. पैठणी लागत नाही. बंगला लागत नाही. गरिबाची गोष्ट टीव्हीवर दाखवायची तर खर्च परवडत नाही की काय, असं वाटावं इतक्या मालिका श्रीमंतांच्या असतात. पत्रात फक्त एक माणूस दुसऱ्याला 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणतो. शिवाय ज्याला पत्र लिहिलंय तो वाचणाऱ्यासमोर नसतो, म्हणून एरवी तोंडावर बोलवत नाही ते बोलता येतं. वाक्यं लहान. मधे एखादी कोपरखळी, म्हणजे माणूस हसायच्या तयारीत राहतो, आणि पुढच्या वाक्याला पकडला जातो. आधी अर्धा तास हसून प्रेक्षकाचं मन मऊ झालेलं असतं, ते वेगळंच.

सगळीच पत्रं सारखी जमली असं मी म्हणणार नाही. आठवड्याला रडवायचं म्हटलं की कधी कधी डोळ्यांना ओढून पाणी काढावं लागतं. काही पत्रं ऐकताना मला पुढचं वाक्य आधी कळायचं. समोर बसलेल्या पाहुण्या नट्यांचे डोळे कॅमेरा बरोबर टिपायचा, त्याचा तर मला राग यायचा. पत्र आमचं आणि रुमाल त्यांचा. पण ज्या पत्रांत घाम आणि माती खरी होती ती राहिली. पुढं त्यांचं पुस्तकही निघालं, 'पत्रास कारण की'. पुस्तकात पोस्टमन नाही, पार्श्वसंगीत नाही, कुणाचे डोळे नाहीत. तिथं वाचून बघा म्हणजे लिहिणाऱ्याची खरी परीक्षा होते.

"पुस्तकाचे पैशे मिळतेत का?" मावशींनी मधेच विचारलं. लग्नाची बोलणी चालू असली की साहित्याची चर्चा अशी मूळ मुद्द्यावर येते.

मी त्यांना सांगितलं की पत्रांच्या आधीही या माणसानं लिहिलंय. अवधूत गुप्तेंचा 'झेंडा' सिनेमा २०१० साली आला. एका पक्षाचे दोन पक्ष झाले आणि कार्यकर्ता मधे चिरडला, अशी ती गोष्ट. प्रदर्शनाच्या आधी केवढा वाद झाला होता. त्यातलं विठ्ठलाला साकडं घालणारं गाणं जगतापांनी लिहिलं, ज्ञानेश्वर मेश्राम यांनी गायलं. ते गाणं निवडणूक आली की अजून वाजतं, ज्या पक्षाचा कार्यकर्ता नाराज असेल त्या पक्षात.

"ते गानं? ते ह्येचंच?" मावशी थक्क. "आगं, ते तर आमच्या वार्डात तिकीट कापलं तवा चार दिवस वाजत व्हतं!"

"त्यांचंच."

"मंग हे पोरीच्या बापाला आधीच सांगाया पायजे व्हतं. त्यो राजकारनातला मानूस हाय."

"आणि मावशी, सयाजी शिंदेंनी बीडजवळ पालवणच्या डोंगरावर झाडं लावली ना, सह्याद्री देवराई म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं झाडांचं संमेलन भरवलं. त्या देवराईच्या कामात जगतापही आहेत. संमेलनाचा अध्यक्ष वड होता."

"कोन वड?"

"वडाचं झाड."

मावशींनी क्षणभर विचार केला. "बरं केलं. भाशन तरी लांबलं नसंल."

टीव्हीत लिहिणाऱ्याचं नाव असं कुणाला ठाऊकच नसतं. मावशींना 'दामिनी' आठवते. दूरदर्शनवर दुपारी लागायची, त्या वेळेला धुणं भिजत ठेवून बायका बसायच्या. प्रतीक्षा लोणकर आठवतात. लिहिणाऱ्या रोहिणी निनावे त्यांना ठाऊक नाहीत, पुढं 'अवंतिका'ही त्यांनीच लिहिली तरी. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चाललं. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्याबरोबर मावशींच्या दोन पोरींची लग्नं झाली, नातवंडं शाळेत गेली. ते कुणी लिहिलं हा प्रश्न त्या बारा वर्षांत आमच्या गल्लीत निघाला नाही. देशातली पहिली मोठी मालिका १९८४ ची 'हम लोग'. मेक्सिकोतल्या मालिका बघून ती कल्पना इथं आली, मूळ हेतू कुटुंबनियोजनाचा प्रचार, आणि लिहिणारे मनोहर श्याम जोशी. हे मावशींना सांगितलं तर त्यांनी एवढंच धरलं:

"कुटुंबनियोजनाची मालिका? आन आताच्या मालिकेत एकेकीची तीन-तीन लग्नं!"

संध्याकाळ व्हायला आली होती. अण्णांनी दिवा लावला. मावशी जायला निघाल्या, पुन्हा वळल्या.

"मंग केजच्या मान्साला फोन करून काय सांगू? एकाच वाक्यात सांग. लांबलं की त्यो 'पर करतो काय'वर येतो."

मी म्हटलं, सांगा, पोरगा लेखक आहे, महिन्याला ठरलेले पैसे मिळतात, दारू पीत नाही. मावशींना हे फारच मिळमिळीत वाटलं. त्यांनी तिथंच माझ्यासमोर फोन लावला, स्पीकर टाकला आणि म्हणाल्या, "दाजी, ती समदी मान्सं टीव्हीत जे बोलतेत ना, ते आमचा पोरगा बोलतो. आन त्येच्या हातात आसलं तर तुमच्या बायकोच्या आवडीची सून बी वाचिवतो."

पलीकडे कुजबुज झाली. मग एका बाईचा आवाज आला. मुलीची आई. तिला फक्त एकच जाणून घ्यायचं होतं: ती कोमातली सासू पुन्हा कोमात जाणार आहे का?

मावशींनी भाच्याला विचारलं. भाचा म्हणाला, गुरुवारी कळेल.

ते स्थळ पुढं जमलं नाही. मुलीच्या बापाला शेवटी पाटबंधारे खात्यातला मुलगा मिळाला, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. धरणाला पाणी असो नसो, खात्याचा पगार होतो. भाचा सव्वीस-सत्तावीसचा आहे, उंच आहे, स्वयंपाक येतो, रात्री जागतो. केज, धारूर, माजलगाव, परळी कुठलीही मुलगी चालेल. मालिका बघणारी नसली तर उत्तम, तिला पुढं काय होणार हे रोज सांगावं लागणार नाही. कुणाच्या पाहण्यात असेल तर मावशींना कळवा. पत्रानं कळवलंत तर अण्णा वाचून दाखवतील, मात्र हुंड्याचा शब्द असेल तर तेवढी ओळ ते गाळतील.